कापड आटलं

“अहो बाई, हात काढा! पोटाला हात लावायचा नाही!”

वॉर्डच्या त्या टोकाकडून सिस्टर ओरडली आणि आक्काचा हात भिंगरीच्या पोटावर टेकायच्या आधीच हवेत थांबला. आक्का म्हणजे भिंगरीची आत्या. नुकतीच गावाहून येऊन ठेपली होती, खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. ‘बघू तरी कुठंय ती गाठ’ म्हणत तिनं पोरीचं झबलं वर सरकवलं होतं.

“डोक्यावर एवढी पाटी लावलीय,” सिस्टर जवळ येत म्हणाली.

खाटेच्या वर भिंतीला खरंच पाटी होती. लाल अक्षरांत : पोट दाबू नये.

“मी भाचीला बघायला आले, पाट्या वाचायला नाही,” आक्का म्हणाली.

“मग बघा की. डोळ्यांनी बघा. गाठ आत फुटली तर सगळ्या पोटात पसरेल. आम्ही इथं शिकाऊ डॉक्टरांनासुद्धा सारखं चाचपू देत नाही.”

सिस्टर झबलं नीट करून निघून गेली. चार लोकांदेखत बोलणी खाल्लेल्या माणसाला ती कुणाच्या तरी गळ्यात घातल्याशिवाय चैन पडत नाही. आक्कानं आजूबाजूला पाहिलं. समोर भावजय होती, भिंगरीची आई.

“काय गं, रोज आंघोळ तूच घालतेस ना हिला?”

“हो.”

“अंग पुसणं, कपडे चढवणं, सगळं तूच ना?”

“मीच.”

“मग मुठीएवढी गाठ तुझ्या हाताला लागली कशी नाही? हात आहेत का लाटणी?”

खाटेच्या पायथ्याशी भिंगरीचे बाबा पाण्याची बाटली घेऊन उभे होते. झाकण उघडत होते, लावत होते.

“आत्या, तो बटाटा आहे,” भिंगरीनं समजावलं. “त्याला दाबलं की राग येतो.”

*

भिंगरीच्या बाबांना सगळे मास्तर म्हणत. शाळेतले नव्हेत, कापडातले. त्यातही हे मास्तर नवं काही शिवतच नसत. फक्त आल्टर, म्हणजे शिवलेले कपडे सैल-घट्ट करून देणं. बाजाराच्या इमारतीत जिन्याखाली जी तिरकी जागा उरते, तिथे त्यांचं मशीन, इस्त्री, डोक्याला आपटेल असा बल्ब, आणि कपडा चढवून बघायला एक पडदा. एका बाजूला कुलपं दुरुस्त करणारा, दुसऱ्या बाजूला मुतारी. तरी गिऱ्हाईक यायचं, कारण मास्तरांची शिवण उसवलेली कळायची नाही आणि घातलेलीही कळायची नाही.

नवं शिवणारा माणसाला एकदाच भेटतो. आल्टरवाल्याकडे तीच माणसं परत परत येतात, जरा सुटून, जरा वाळून. आणि येताना प्रत्येक जण एक थाप घेऊन येतो. पँट पोटावर बसेना झालेला बँकेतला रखवालदार म्हणायचा, “मास्तर, काय कापड निघालंय हल्ली! दोन धुण्यांत आटलं.” बाळंतपणानंतर आलेली बाई म्हणायची, धोब्यानं गरम पाण्यात घातलं वाटतं. मी जाड झालो असं आजवर त्या जिन्याखाली एकही माणूस बोलला नव्हता.

आणि मास्तर दर वेळी म्हणायचे, “हल्लीचं कापडच तसलं. आटतंच.”

हे त्यांना त्यांच्या उस्तादानं शिकवलं होतं. सुईत दोरा ओवायच्या आधी. गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. दोष द्यायचा तर कापडाला, नाहीतर धोब्याला. एका गृहस्थांची राखाडी पँट मास्तरांनी वर्षभरात पुन्हा पुन्हा आत घेतली होती. दर वेळी ते म्हणायचे शिवण सैल पडली असेल, आणि मास्तर म्हणायचे हो, दोरा जुना होता. शेवटी ती पँट त्यांचा मुलगा घेऊन आला, स्वतःच्या मापाची करून घ्यायला. तेव्हाही मास्तर एवढंच म्हणाले, “कापड चांगलं आहे. टिकेल.”

अशा माणसाच्या जिभेला एक वळण पडतं. दुकान बंद केलं म्हणून ते वळण दुकानात राहत नाही.

*

भिंगरीचा पिवळा फ्रॉक पडद्याच्या उरलेल्या कापडाचा होता. मास्तरांनी आयुष्यात शिवलेल्या मोजक्या नव्या कपड्यांपैकी एक. घेर असा की पोरीनं गिरकी घेतली की तो छत्रीसारखा उघडायचा. तिला भिंगरी हे नाव पडलं ते तेव्हापासून. तिचं खरं नाव फक्त बालवर्गाच्या बाईच घेत.

“अहो, हिचा फ्रॉक काचतोय बघा कमरेत,” एका सकाळी तिची आई म्हणाली.

“आटला असेल,” मास्तर म्हणाले. “पडद्याचंच कापड ते. आटणार.”

शिवणीच्या आत जादा कापड सोडलेलं होतं. मास्तर त्याला माया म्हणत. त्यातलं थोडं त्यांनी सोडलं. फ्रॉक बसला.

“बाळसं धरतंय लेकरू,” आई खुशीत म्हणाली. ती सकाळी बेकरीत बिस्किटांचे पुडे भरायला जायची, तिथंही तिनं सांगितलं असणार. वर्षभर पोरगी चिमटीत मावेल एवढं खायची. आता तिला पोट दिसायला लागलं होतं. शेजारणींनी गाल ओढले. हातपाय होते तसेच काड्यांसारखे होते, पण आनंदाच्या गडबडीत हातपायांकडे कोण बघतं?

फ्रॉक पुन्हा काचला. मास्तरांनी उरलेली माया सोडली. “कापड भलतंच आटतंय,” ते म्हणाले, आणि ते तसं त्यांना खरोखरच वाटलं. थाप मारणाऱ्याला निदान खरं ठाऊक असतं. मास्तरांची ती थाप उरलीच नव्हती.

तिसऱ्यांदा सोडायला कापड नव्हतं. म्हणून त्यांनी काखेपासून खालपर्यंत एक कळी घालायची ठरवली. कळी म्हणजे दोन शिवणींच्या मध्ये घातलेली कापडाची तिकोनी पट्टी. भिंगरीला स्टुलावर उभी केली. ती डुलत होती, गाणं म्हणत होती, मध्येच हात खाली सोडत होती. मास्तर उकिडवे बसून डाव्या बाजूला टाचण्या लावत होते. बरगडी संपते तिथे त्यांच्या बोटांना काहीतरी लागलं.

घट्ट. गोल. हाडासारखं नाही, आणि मांसासारखंही नाही.

त्यांनी अंगठ्यानं एकदा दाबून पाहिलं. भिंगरी खिदळली. तिला गुदगुल्या झाल्या.

मास्तरांनी टाचणी बोटभर पुढे लावली.

कळी सुरेख बसली. रंग थोडा वेगळा होता, पण भिंगरीची आई म्हणाली, मुद्दाम सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार नाही.

*

लक्षात आलं ते आईच्याच. पोरीची लघवी गुलाबी झाली. बीट खाल्लं नव्हतं, काही नाही. तिनं बेकरीत खाडा केला, नवऱ्याला निरोप पाठवायला थांबली नाही, पोरीला कडेवर घेतलं आणि दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरनं गप्पा मारत मारत पोटावर हात ठेवला. मग दुसरा हात ठेवला. मग त्याच्या गप्पा थांबल्या.

मास्तर पोहोचले तोवर सोनोग्राफी झाली होती आणि मोठ्या हॉस्पिटलात जायला सांगितलं होतं.

*

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर मास्तरांहून वयानं लहान होत्या. त्यांनी आपल्या दोन मुठी टेबलावर ठेवल्या, थोडं अंतर सोडून.

“ही दोन मूत्रपिंडं. बाळ पोटात असताना तयार होतात. आधी त्यांच्या पेशी कच्च्या असतात, मग मोठ्या होतात, कामाला लागतात. कधीकधी थोड्या कच्च्याच राहून जातात. बहुतेक बाळांत त्या नंतर आपोआप विरतात. एखाद्यात विरत नाहीत. वाढायला लागतात, पण मोठ्या मात्र होत नाहीत.”

“म्हणजे लहानच राहतात?” भिंगरीच्या आईनं विचारलं.

“लहानच राहतात आणि खूप होतात. त्यांचीच ही गाठ.” डॉक्टरांनी डावी मूठ उचलून दाखवली. “विल्म्सची गाठ म्हणतात हिला. आहे कॅन्सरच. पण मोठ्या माणसांच्या मूत्रपिंडाला होतो तो नव्हे. हा लहान मुलांचा, साधारण हिच्याच वयाच्या. तेव्हा कुणी येऊन आमच्या काकांचं असं झालं होतं म्हणालं, तर ते ऐकू नका.”

“मी पोटुशी असताना काही खाण्यात—”

“नाही.”

“एकदा पाय घसरून पडले होते मी, सातव्या—”

“नाही. ताई, तुम्ही काही केलं म्हणून हे झालेलं नाही. यांनीही काही केलेलं नाही.”

डॉक्टरांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर टेबलावरच्या मुठीकडे पाहत होते.

पुढचं डॉक्टरांनी सावकाश सांगितलं. आधी सलाइनमधून औषध, गाठ आकसवायला. मग ऑपरेशन, ते मूत्रपिंड गाठीसकट काढायचं. मग परत औषधं, बरेच महिने. केस जातील, परत येतील. एका मूत्रपिंडावर माणूस अख्खं आयुष्य काढतो. बहुतेक मुलं बरी होतात.

“बहुतेक म्हणजे आपलं बोलायला म्हणून नाही,” त्या म्हणाल्या. “खरोखरच बहुतेक. पण गाठ अख्खी निघाली पाहिजे, न फुटता. तिच्यावर पातळ आवरण असतं.”

“फुटली तर?” मास्तरांनी त्या खोलीत विचारलेला हा एकच प्रश्न.

“तर पेशी पोटात सांडतात. मग औषधं वाढतात, किरणांचा शेक द्यावा लागतो. म्हणून तर दाबायचं नाही.” मग पेन उचलून त्यांनी विचारलं, “फुगवटा पहिल्यांदा कधी जाणवला?”

मास्तरांनी तोंड उघडलं.

“मला दिसलाच नाही हो डॉक्टर,” भिंगरीची आई म्हणाली. “रोज आंघोळ मीच घालते. रोज. मला दिसलाच नाही.”

“होतं असं. दुखत नाही ना ते. आणि रोज बघणाऱ्याला रोजचा फरक कळत नाही.”

मास्तरांनी तोंड मिटलं. खिशातला हात त्यांनी खिशातच ठेवला. त्या हाताचा अंगठा त्यांना आपला वाटेनासा झाला होता.

*

त्यानंतर वॉर्डात जे कोणी आलं त्यानं तेच विचारलं. काकूंनी विचारलं. चुलतभावानं फोनवर विचारलं. शेजारच्या खाटेवरल्या आजीनं विचारलं, पलीकडच्या खाटेवरल्या मुलाच्या आईनं विचारलं नाही पण बघितलं तसं. काही दिवसांनी भिंगरीची आई कुणी विचारायची वाटच बघेना. माणूस टेकतंय तोवर ती सांगून टाकायची : आंघोळ मीच घालायची रोज, पण माझ्या लक्षात आलं नाही. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा तशा आवाजात.

आणि दर वेळी मास्तर तिथेच असायचे. उशी सारखी करत, किंवा केळ्याचं साल काढत.

सांगावंसं वाटायचं नाही असं नाही. एकदा जिन्यात त्यांनी तिला थांबवलंही होतं. “अगं, ऐक.” ती वळली. तिच्या हातात धुतलेल्या बाटल्या होत्या, डोळ्यांखाली काळं आलं होतं. “काय?” मास्तर म्हणाले, “काही नाही. बाटल्या दे, मी घेतो.”

मनाशी ते म्हणत, आधी ऑपरेशन होऊ दे. आत्ता सांगितलं तर ती कोसळेल. पण ती कधीच कोसळली होती, आणि पडल्यापडल्या पुडे भरत होती, औषधं देत होती, आक्काला चहा आणून देत होती. हे त्यांना दिसत नव्हतं असं कुणी म्हणू नये. आडवं-उभं, सुटलेलं-वाळलेलं बघण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

*

“बाबा, बटाटा काढल्यावर तिथं काय ठेवणार?”

“काही नाही.”

“मग भोक पडेल.”

“नाही पडत. शेजारचं आतडं सरकून बसतं तिथं.”

“त्याला कोण सांगतं, सरक म्हणून?”

“डॉक्टर सांगत असतील.”

“आतड्याला कान असतात?”

“विचारू आपण.”

“बाबा, तू टकलू झालास तर मी नाही हसणार. मी झाले तर तू पण नाही हसायचं.”

“नाही हसणार.”

“थोडं हस.”

“बरं, थोडं.”

“आत्ता नको. झाल्यावर.”

*

औषधानं केस गेले. मास्तर ठरल्याप्रमाणे थोडं हसले. औषधानं पायातली ताकदही कमी झाली. एकदा दोन खाटांच्या मध्ये भिंगरी गिरकी घ्यायला गेली आणि तिचं पाऊल लुळं पडून ती बसकण मारून खाली आली. ती उठली, पायाकडे बघून म्हणाली, “झोपलाय हा,” आणि रांगत खाटेवर गेली.

पण गाठ आकसली. डॉक्टर म्हणाल्या, आता काढू.

*

ऑपरेशन सकाळीच सुरू झालं. बाहेरच्या बाकावर मास्तर, भिंगरीची आई आणि आक्का. भिंतीवरच्या पंख्याला एक दोरी बांधलेली होती, ती त्याच्या वाऱ्यानं उडत होती. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांची बायको आत होती, पित्ताशयाचे खडे. वेळ जात नव्हता म्हणून त्यांनी आक्काला विचारलं, तुमचं कोण?

“भाची. एवढीशी आहे हो. मूत्रपिंडात गाठ,” आक्का म्हणाली.

“अरेरे. कळलं नाही का आधी?”

आक्कानं भावजयीकडे पाहिलं. काही म्हणायची गरज नव्हती. भिंगरीची आई समोरच्या बंद दाराकडे बघत म्हणाली, “आंघोळ मीच घालते रोज. पण माझ्या लक्षात—”

“हिला नव्हतं कळलं,” मास्तर म्हणाले. “मला कळलं होतं.”

म्हातारे गृहस्थ ओशाळून चपला शोधायला लागले, त्या पायातच होत्या.

“काय कळलं होतं?” भिंगरीच्या आईनं विचारलं.

“गाठ. हाताला लागली होती.”

“कुठं?”

मास्तरांनी स्वतःच्या बरगडीखाली हात ठेवून दाखवलं.

“कधी?”

“फ्रॉकला कळी घातली तेव्हा. दाबून बघितलं मी. म्हटलं, असेल काहीतरी. जेवली असेल. मग टाचणी पुढं लावली.”

“लघवी गुलाबी व्हायच्या आधी?”

“बरंच आधी.”

“मग बोलला का नाहीत?”

मास्तर उत्तर शोधत होते, आणि जे सापडत होतं ते इतकं लहान होतं की बाहेर काढायची लाज वाटत होती. “सवय नाही,” ते शेवटी म्हणाले. “अंगाबद्दल बोलायची.”

“तुला जन्मापासून तोंडच नाही,” आक्का म्हणाली. तिनं पिशवीतून रुमाल काढला आणि उगाच घडी मोडून परत घातली.

भिंगरीची आई रडली नाही. ती नवऱ्याकडे असं बघत होती, जणू हा माणूस कुठंतरी पाहिलाय पण कुठं ते आठवत नाहीये.

“तेव्हा नाही बोललात, ते एक वेळ सोडा,” ती म्हणाली. “मीही बाळसं बाळसं करत नाचलेच होते. पण त्यानंतर? मी इतके दिवस भेटेल त्याला सांगत होते. काकूंना, भाऊजींना, त्या शेजारच्या आजींना. आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात. केळी सोलत.”



ती उठली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला, म्हाताऱ्या गृहस्थांच्या पलीकडे जाऊन बसली.

*

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा टोपीची खूण कपाळावर उमटलेली होती. “निघाली. अख्खी निघाली. फुटली नाही. भिंगरी बरी आहे.”

आक्कानं हात जोडले. भिंगरीची आई उभी राहिली आणि लगेच परत बसली.

“डॉक्टर, मी दाबली होती ती गाठ,” मास्तर म्हणाले. “अंगठ्यानं. महिना-दीड महिना आधी, तुमच्याकडं यायच्या. फ्रॉक टाचताना.”

डॉक्टर थांबल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फ्रॉक, कळी, टाचणी.

“तुमच्या अंगठ्यानं काही झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “आवरण शाबूत होतं, मी हातात घेऊन बघितलंय.”

“आणि उशीर?”

खरं तर इथं त्यांना ‘नाही’ म्हणता आलं असतं. त्या दिवशी त्यांना अजून एक ऑपरेशन होतं, आणि समोरचा माणूस ‘नाही’ ऐकायला डोळ्यांत प्राण आणून उभा होता.

“ही गाठ भराभर वाढते. तेव्हा आला असतात तर लहान मिळाली असती,” त्या म्हणाल्या. “त्यानं पुढचं काही बदललं असतं का, ते मला माहीत नाही. तुम्हालाही कधी कळणार नाही. जवळच्या ग्रंथी काढून तपासायला पाठवल्यात. त्याचा रिपोर्ट आला की बोलू.”

रिपोर्ट आला. एका ग्रंथीत त्या कच्च्या पेशी पोहोचल्या होत्या. आता औषधं जास्त, आणि पोटाला शेकही. बऱ्या होणाऱ्या मुलांचा आकडा अजूनही आपल्या बाजूचाच आहे, डॉक्टर म्हणाल्या, पण रस्ता लांबला.

भिंगरीच्या आईनं ते उभ्याउभ्या ऐकलं. मग कॉरिडॉरमध्ये आल्यावर, त्या बाकावरच्या दिवसानंतर पहिल्यांदाच, ती आपणहून नवऱ्याशी बोलली.

“आता कुणी विचारलं, तर मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. माझ्यासमोर. सगळं.”

“हो,” मास्तर म्हणाले.

*

पुढे मास्तर हे पुष्कळांना सांगतील. काकूंना सांगतील, त्या ‘असू दे असू दे’ म्हणतील आणि घरी गेल्यावर सगळ्यांना कळवतील. बालवर्गाच्या बाईंना सांगतील. जिन्याखाली बँकेतल्या रखवालदाराला सांगतील, तो पडद्याआडून अर्धी पँट चढवलेला ऐकेल आणि तसाच उभा राहील. एकदा एक अनोळखी बाई मुलाला घेऊन त्याची चड्डी सैल करून घ्यायला आलेल्या असताना मास्तर मशीन थांबवून विचारतील, “बाई, रागावू नका, पण याचं पोट कुणाला दाखवलंय का?” आणि बाई रागावतील. हातपाय चांगले गुटगुटीत आहेत की त्याचे, डोळे आहेत का तुम्हाला, असं म्हणून चड्डी उचलून चालत्या होतील. मुलाला काही झालेलं नसेल. ते गिऱ्हाईक परत येणार नाही.

सांगणं सरावानं सोपं होईल असं त्यांना वाटत होतं, ते तसं होणार नाही.

*

पण पहिल्यांदा सांगितलं ते बेकरीतल्या मुकादमबाईंना.

दुपारची भेटायची वेळ होती. भिंगरी उशीला टेकून बसली होती, पोटावर या कडेपासून त्या कडेपर्यंत पट्टी. मुकादमबाई तुटक्या बिस्किटांचा मोठा पुडा घेऊन आल्या, स्टुलावर बसल्या, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भिंगरीच्या आईकडे वळल्या. मनाच्या वाईट नव्हत्या त्या. पण विचारलंच.

“मला एक कळत नाही गं, रोजच्या आंघोळीत तुझ्या हाताला—”

भिंगरीच्या आईनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

मास्तर खिडकीपाशी होते. ते पुढे आले, खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि सांगू लागले. आधी अडखळत. फ्रॉक काचला, मी म्हटलं कापड आटलं. माया सोडली, परत सोडली. मग कळी घालायला घेतली. तेव्हा लागलं हाताला, इथं. घट्ट होतं. मी अंगठ्यानं दाबूनसुद्धा बघितलं. आणि बोललो नाही. हिला नाही सांगितलं, कुणालाच नाही. हिला बोलणी बसत होती तेव्हाही नाही.

मुकादमबाईंचा हात पुड्यावरच राहिला. कुठं बघावं ते त्यांना कळेना.

भिंगरीची आई टॉवेलची घडी घालत होती. घडीकडे बघतच ती म्हणाली, “तोंडात टाचण्या होत्या यांच्या.”

मास्तर थांबले.

“कपडा टाचताना चार-पाच टाचण्या ओठांत धरायची सवय आहे त्यांना,” ती मुकादमबाईंना म्हणाली. “तेव्हा नाही बोलता येत.”

“हां, मग बरोबर!” मुकादमबाईंना कुणीतरी पाण्यातून वर ओढल्यासारखं झालं. “टाचण्या तोंडात असल्यावर माणूस बोलणार कसा! तेच म्हणते मी.”

गोष्ट तिथं थांबू शकली असती. मुकादमबाईंची तयारी होती. भिंगरीची आई घडी घातलेला टॉवेल परत उलगडत होती.

“काढता आल्या असत्या,” मास्तर म्हणाले. “हातावर घ्यायच्या आणि बोलायचं.”

कसं, ते दाखवायला त्यांनी तळहात पुढे केला.

भिंगरीला वाटलं, बाबा काहीतरी मागतोय. तिनं पुड्यात हात घालून त्यातल्या त्यात मोठा तुकडा शोधला आणि त्यांच्या हातावर ठेवला. मास्तरांनी तो खाल्ला नाही. हात तसाच पुढे धरून ते राहिलेलं सांगू लागले.